दोन रुळांच्या मधून : जुनी पिळणीयंत्रं जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

या मालेत आपण आतापर्यंत बऱ्याच जड विषयांवर बोललो. आजचा विषय त्या मानाने घरगुती वाटेल. आज आपण कपडे पिळण्याच्या जुन्या यंत्रांबद्दल बोलणार आहोत, आणि अशी यंत्रं गोळा करून, दुरुस्त करून, पुन्हा चालती करणाऱ्या लोकांबद्दल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने धुण्याच्या यंत्रावर का बोलावं, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं उत्तर व्याख्यानातच मिळेल. एवढंच आधी सांगून ठेवतो की जुनी वस्तू दुरुस्त करणारा माणूस हातात पाना घेऊन असे प्रश्न सोडवत असतो, जे आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत आलो.

आधी वस्तू समजून घेऊ. आजचं धुलाई यंत्र कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतं. त्याच्या आधीच्या यंत्रात तशी सोय नव्हती. खाली एक गोल टाकी, टाकीत पाणी घुसळणारा पंखा, आणि टाकीच्या काठावर एका खांबावर बसवलेले दोन रबरी रूळ, एकावर एक. धुतलेला कपडा या रुळांच्या फटीत घालायचा. रूळ एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, कपडा ओढून घेतात, पलीकडून तो चपटा होऊन बाहेर येतो आणि पाणी अलीकडे टाकीत परत पडतं. या रुळांच्या जोडीला इंग्रजीत रिंगर म्हणतात. आपल्याकडे पिळलेल्या ओल्या कपड्याला पिळा असा छान शब्द आहे. म्हणून आज आपण याला पिळणीयंत्र म्हणू, अधूनमधून रिंगरही म्हणू.

हात पिळतो आणि रूळ पिळतात

हाताने कपडा पिळताना आपण त्याला पीळ देतो. त्या पिळाने धागे एकमेकांवर दाबले जातात आणि मधलं पाणी बाहेर येतं. पण बाहेरचे धागे जास्त ताणले जातात, आतले कमी. चादर किंवा नऊवारी लुगडं पिळायला दोन माणसं लागतात, आणि मनगटाचा जोर संपला की पाणी आत राहतं. रूळ मात्र कपड्याला ताणत नाहीत, दाबतात. सगळा दाब एका अरुंद रेषेवर येतो. पुढे जायला पाण्याला वाट नसते, म्हणून ते मागे पळतं.

वरच्या रुळावर स्प्रिंगचा दाब असतो. एक स्क्रू फिरवून तो कमी-जास्त करता येतो, कारण जाड घोंगडीला आणि पातळ सदऱ्याला सारखा दाब चालत नाही. बाजूला एक दांडा असतो, त्याने रूळ पुढे, मागे किंवा बंद करता येतात. आणि एक पट्टी असते, ती ढकलली की दाब सुटतो आणि रूळ एकमेकांपासून मोकळे होतात. या पट्टीकडे आपण नंतर परत येऊ, कारण ती फार महत्त्वाची आहे.

आता इतिहास थोडक्यात. रूळ जोडलेल्या धुण्याच्या यंत्राचं पेटंट कॅनडातल्या जॉन टर्नबुल यांनी १८४३ मध्ये घेतलं. पुढे अनेकांनी त्यात सुधारणा केल्या. त्यातलं एक नाव मुद्दाम सांगतो. वॉशिंग्टन शहरात एलेन एग्लिन नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री होती, घरकाम करून पोट भरणारी. तिने एक नवा रिंगर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे हक्क फक्त १८ डॉलरना विकून टाकले. का विकले, असं विचारल्यावर तिने दिलेलं कारण नोंदलं गेलं आहे. यंत्र काळ्या बाईने शोधलं हे कळलं तर गोऱ्या बायका ते विकत घेणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. यंत्र बाजारात गेलं, तिचं नाव मागे राहिलं. संग्रह करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्राच्या अंगावरच्या पाटीवर जे नाव असतं ते कंपनीचं असतं. ज्या हातांनी ते यंत्र सुचवलं, आणि ज्या हातांनी ते चालवलं, त्यांची पाटी कुणी लावत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची मेटॅग ही कंपनी या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाली. १९०७ मध्ये तिने पहिलं धुण्याचं यंत्र काढलं. तिथल्या शेतांवर तेव्हा वीज नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. म्हणून कंपनीने यंत्राखाली पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन बसवलं, स्कूटरसारखं किक मारून सुरू होणारं. पुढे फिरवून पाणी काढणारी यंत्रं आली, स्वयंचलित यंत्रं आली, तरी रिंगर टिकून राहिला. मेटॅगने शेवटचं रिंगर यंत्र १९८३ मध्ये बनवलं. म्हणजे आपल्या शहरांत धुलाई यंत्र घरोघरी पोचायला लागलं, त्याच्या थोडंसंच आधी तिकडे हा जुना प्रकार बंद झाला.

तो इतका टिकला कशामुळे? मुख्य कारण पाणी. या यंत्रात साबणाचं तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतात मळलेले. पिळलेलं पाणी परत टाकीतच येतं. विसळायला शेजारी दोन टब. ज्याच्या घरी विहिरीतून पाणी ओढावं लागतं त्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. दुसरं कारण, हे यंत्र घरी उघडता येतं आणि घरी दुरुस्त करता येतं.

मग आपल्याकडे ते का रुजलं नाही? वीज नव्हती, पैसा नव्हता, हे तर खरंच. पण आणखी एक साधं कारण आहे. आयोवात हिवाळ्यात दोरीवर टाकलेला कपडा गोठून फळीसारखा होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसच्या पुढे जातो, लुगडं एका टोकाकडून वाळत घालेपर्यंत दुसरं टोक कोरडं होतं. आमच्याकडे पिळायचं काम ऊनच करत होतं. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की दिवसेंदिवस कपडे दमट राहतात, ते वेगळं. आणि तिसरं कारण बोलायला अवघड आहे, पण बोललं पाहिजे. आपल्या गावगाड्यात धुणं हे जातीने वाटून दिलेलं काम होतं. परीट, ज्याला आमच्याकडे वरठीही म्हणतात, तो बलुतेदार होता. वर्षाकाठी मिळणाऱ्या धान्यावर त्याचं घर कपडे धूत असे. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना यंत्राची गरजच भासली नाही, कारण पिळणारा हात दुसऱ्याचा होता. आणि ज्यांच्या घरी पैसा नव्हता तिथे तो हात घरातल्या बाईचा होता.

रूळ बदलला, तर यंत्र तेच राहिलं का?

आता संग्राहकांकडे वळू. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या ईटन गावाजवळ ली मॅक्सवेल या विद्युत अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून अधिक जुनी धुण्याची यंत्रं जमवली. असं जुनं यंत्र हाती येतं तेव्हा त्याची अवस्था काय असते ते पाहू.

लोखंड गंजलेलं असतं. टाकीचं मिनाकाम टवके जाऊन उडालेलं असतं. टाकीखालच्या दात्यांच्या पेटीतलं ग्रीस घट्ट मेणासारखं झालेलं असतं आणि तिचं तेल सीलमधून गळत असतं. विजेच्या तारांवरचं वेष्टण हात लावताच तुकडे होऊन पडतं. आणि रबरी रूळ बहुतेक वेळा गेलेले असतात. रबराला ऊन लागलं की ते कडक होऊन तडकतं, तेल लागलं की फुगून चिकट होतं. यंत्र बंद करताना दाब सोडून ठेवला नसेल तर दोन्ही रूळ वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दाबून बसतात आणि तिथे चपटे होतात. असा रूळ फिरवला की प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो.

मग दुरुस्ती करणारा काय करतो? रूळ बदलतो किंवा जुन्या दांड्यावर नवं रबर चढवून घेतो. तारा बदलतो. सील बदलतो. रंग खरवडून नवा देतो. कधी दुसऱ्या मोडक्या यंत्राचे दाते काढून याला लावतो. आणि शेवटी म्हणतो, हे बघा, १९३० च्या सुमाराचं यंत्र. आम्ही म्हणतो, थांबा. यातलं त्या काळातलं नेमकं काय उरलं?

हा प्रश्न जुना आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम, यांतलं काय रथ आहे? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळे भाग सोडून वेगळा रथ आहे का, तर तोही नाही. मग नागसेन दाखवून देतो की भाग एका विशिष्ट रीतीने जुळले की आपण त्याला रथ हे नाव देतो, व्यवहारासाठी. चंद्रपुरात हा ग्रंथ परका नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर याच शहरात धम्मदीक्षा दिली, आणि तेव्हापासून इथे हा विचार घराघरांत बोलला जातो.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांचं म्हणणं याच्या उलट. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते. कापड म्हणजे नुसते धागे नव्हेत. पण हे मान्य केलं की त्याची किंमतही द्यावी लागते. एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. म्हणजे नैयायिकाला काटेकोरपणे म्हणावं लागेल की रूळ बदलला त्या क्षणी जुनं यंत्र संपलं.

दुरुस्ती करणाऱ्याने यातलं काय धरावं? नागसेनाचं धरलं तर वाटेल, सगळंच नाव आहे, काहीही बदला. नैयायिकाचं धरलं तर कशालाच हात लावता येणार नाही, गंजू द्यावं. दोन्हींतून आम्हाला एक व्यवहारी वाट दिसते. यंत्रात तीन गोष्टी असतात, त्या वेगळ्या करून पाहू. पहिली त्याचा देह, म्हणजे लोखंड, रबर, रंग. दुसरी त्याची गती, म्हणजे कुठला दाता कुणाला फिरवतो, दाब कुठून येतो. तिसरी त्याची हातोटी, म्हणजे ते वापरणाऱ्याच्या अंगात बसलेली रीत.

ही तिसरी गोष्ट समजायला उदाहरण घ्या. रिंगर वापरणारी बाई सदरा रुळात घालताना बटणं आतल्या बाजूला घडी करून घ्यायची, नाहीतर बटण फुटतं आणि रबराला खड्डा पडतो. कपडा मधोमध घालायचा, कडेला गेला तर तो दांड्याभोवती गुंडाळतो. जाड शिवण आधी द्यायची की नंतर, बोटं कुठे सोडायची, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, हाताला माहीत होतं. आमची कसोटी अशी आहे. दुरुस्त केलेल्या यंत्रासमोर, ते पूर्वी वापरलेली एखादी म्हातारी बाई उभी केली, आणि तिचे हात न विचारता कामाला लागले, तर ते यंत्र तेच आहे. देहातलं निम्मं बदललं असलं तरी. आणि बाहेरून लखलखीत करून आतली दाबाची स्प्रिंगच काढून टाकली असेल, तर ते यंत्राचं चित्र आहे, यंत्र नव्हे.

या कसोटीत एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. अशी बाई हयात असेल तोवरच ही कसोटी चालते. म्हणून यंत्र मिळालं की गंज काढण्याआधी ते वापरणाऱ्या माणसाला गाठावं, त्याचं बोलणं आणि हात दोन्ही टिपून घ्यावेत. लोखंड दहा वर्षं आणखी थांबू शकतं. ऐंशी वर्षांचं माणूस थांबू शकत नाही.

आपल्याकडचे रूळ

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं झालं, चंद्रपूर-गडचिरोलीत रिंगर कुठे आहे? घरात नसेल. पण दोन उलट फिरणारे रूळ आणि मधली फट, ही युक्ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जागोजागी आहे.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रसवंती लागते. तिथला चरक म्हणजे उसाचा रिंगर. कापसातून सरकी वेगळी करायची जुनी हातचरकी आठवा, तिला रेचा म्हणायचे. त्यात दोन बारीक रूळ, धागा फटीतून पलीकडे जातो आणि सरकी जाड म्हणून अलीकडे अडकते. बल्लारपूरची कागद गिरणी घ्या, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची. जंगलातला बांबू तिथे लगदा होतो. लगद्याचा ओला पडदा जाड रुळांमधून दाबून नेतात आणि मग वाफेच्या गरम पिंपांवर वाळवतात. आधी दाबायचं आणि मग वाळवायचं, कारण दाबून काढलेलं पाणी वाफ करून काढलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आयोवातली शेतकरीण हेच करत होती.

पण रिंगरचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आपल्या धानाच्या गिरणीत आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा सगळा पट्टा धानाचा. पूर्वी घरोघरी ढेकीवर धान कांडत. मग गावोगावी हलर आले. आणि मग आली रबरी रुळांची यंत्रं. त्यात दोन रबरी रूळ शेजारी शेजारी, उलट दिशेने फिरणारे. फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. रिंगरचे रूळ सारख्या वेगाने फिरतात, म्हणून ते नुसतं दाबतात. धानाच्या गिरणीत एक रूळ दुसऱ्यापेक्षा साधारण पाव हिश्श्याने जास्त वेगाने फिरतो. म्हणून दाण्याच्या एका अंगाला जास्त ओढ बसते, दुसऱ्या अंगाला कमी, आणि तूस सोलून निघतं. तळहातावर शेंगदाणा चोळून आपण टरफल काढतो, तसंच.

आता गंमत बघा. जास्त वेगाचा रूळ लवकर झिजतो. म्हणून गिरणीवाले मधून मधून दोन्ही रुळांची अदलाबदल करतात, म्हणजे झीज सारखी होते. फट किती ठेवायची हे धानाच्या जातीवर ठरतं, बारीक दाण्याला वेगळी, ठोकळ दाण्याला वेगळी. रबर कडक झालं की कणी जास्त पडते. हे सगळं गिरणीवर काम करणारा माणूस आवाजावरून आणि पडणाऱ्या तांदळाकडे पाहून ओळखतो. अमेरिकेतला संग्राहक रबरी रुळाबद्दल जे पुस्तकात शोधतो, ते आपल्या झाडीपट्टीत गिरणीवाल्याच्या बोटात आहे. उद्या कुणाला इथे रिंगर दुरुस्त करायचा असेल, तर त्याने आधी राइस मिलमध्ये जाऊन बसावं. आणि मग छापखान्याच्या रुळांवर रबर चढवून देणाऱ्या कारागिराकडे जावं.

यंत्राचं आणि धानाचं नातं आपल्याकडे आणखी एका नावात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या बारीक तांदळाला एचएमटी हे नाव पडलं, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. घड्याळाचा कारखाना बंद झाला, तांदूळ अजून पिकतो.

काय परत आणू नये

आता त्या पट्टीकडे, दाब सोडणाऱ्या पट्टीकडे येऊ. रूळ कपडा ओढतात तसाच हातही ओढतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकीय लेखनात या इजेला रिंगरची इजा असं वेगळं नाव मिळालं. ती बहुतेक लहान मुलांना व्हायची. हाड मोडलेलं नसतं, वरून फक्त लाल दिसतं, आणि काही तासांनी सूज वाढून आतल्या स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. रसवंतीच्या चरकात किंवा गिरणीच्या रुळात कुणाचा हात गेला, तर हाड शाबूत आहे म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. ही एक गोष्ट आजच्या व्याख्यानातून लक्षात राहिली तरी पुरे.

दाब सोडणारी पट्टी सुरुवातीच्या यंत्रांना नव्हती, अपघातांतून ती आली. मग जुनं यंत्र मूळ रूपात परत आणताना धोकाही परत आणायचा का? आमचं मत स्पष्ट आहे. माणसाने एकदा किंमत मोजून शिकलेली गोष्ट मूळ रूपाच्या नावाखाली विसरायची नाही. जुन्या यंत्राला पट्टी नसेल तर ते विजेवर चालवून दाखवू नये, हाताने फिरवून दाखवावं. जुन्या तारा तशाच ठेवू नयेत. नव्या तारा घालाव्यात, जमिनीची तार जोडावी, आणि काढलेली जुनी तार एका पाकिटात घालून चिठ्ठीसह यंत्राजवळ ठेवावी. म्हणजे देहाचा पुरावाही राहतो आणि कुणाला झटकाही बसत नाही.

परदेशात राहणारी आपली मुलं हौसेने असं यंत्र पाठवतात किंवा घेऊन येतात. त्यांच्यासाठी एक सूचना. अमेरिकेतली वीज ११०–१२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे मोटर साधारण एक षष्ठांशाने हळू फिरते आणि जास्त तापते. थोडा वेळ दाखवायला ठीक, रोजच्या धुण्याला नाही.

दुरुस्तीची अट

यंत्र चांगलं कोणतं, हा वाद आपल्या भागात फार पूर्वी झाला आहे. १९३६ मध्ये सावलीला गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं होतं आणि स्वतः गांधीजी तिथे आले होते. सावली हे तेव्हा खादीचं मोठं केंद्र. गांधीजी यंत्राचे शत्रू होते, असं आपण सरसकट म्हणतो. पण शिवणयंत्राला त्यांनी उघडपणे अपवाद मानलं होतं. आणि १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत हातापायाने चालावं. बाईला ते आठ तास फार न थकता चालवता यावं. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षं चालावं, आणि सुटे भाग बदलण्याचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये.

शेवटची अट नीट ऐका. यंत्र तयार होण्याच्या आधीच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मागितला आहे. किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळे यांनी या स्पर्धेसाठी चरखा तयार केला होता, पण बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. अटी कठीण होत्या. पण आज आपल्या घरातल्या धुलाई यंत्राचं कार्ड जातं, आणि दुरुस्त करणारा सांगतो की नवीनच घ्या, तेव्हा त्या अटीची आठवण येते. रिंगर त्या अटीत बसला असता. जुनं यंत्र चालतं ठेवणारा माणूस म्हणूनच नुसता हौशी नसतो. दुरुस्त होणारी वस्तू म्हणजे काय, याचा तो चालता पुरावा ठेवत असतो.

आपण काय करू शकतो

पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वस्तू गोळा करून संग्रहालय उभं केलं. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ चं, ग्रामोद्योगांची साधनं दाखवणारं. आपल्या दोन जिल्ह्यांत ढेकी, रेचा, हलर, पहिल्या पिढीचे रबरी रूळ भंगाराच्या काट्यावर किलोने जात आहेत. लोखंडाचा भाव मिळतो, त्यांच्या हातोटीचा भाव कुणी लावत नाही.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एखाद्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली पुरते. वस्तू आली की चार प्रश्न लिहून घ्यायचे. ही कुणी बनवली? ही कुणी चालवली, बाईने की पुरुषाने, मालकाने की मजुराने? काय बिघडायचं आणि कोण दुरुस्त करायचं? हिच्यामुळे कुणाचं काम गेलं? हा चौथा प्रश्न टाळू नका. हलर आला तेव्हा ढेकीवर कांडण करून पोट भरणाऱ्या बायकांचं काम गेलं, आणि त्याच वेळी घरोघरच्या बायकांच्या खांद्यावरचं ओझंही उतरलं. दोन्ही खरं आहे. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की घरगुती यंत्रांनी कष्ट हलके केले, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढवून आणि बाहेर होणारी कामं पुन्हा घरात आणून गृहिणीचा वेळ फारसा वाचवला नाही. उलट स्वीडनचे हान्स रोस्लिंग सांगायचे की यंत्र कपडे धुवायला लागलं आणि त्यांच्या आईला त्यांना घेऊन वाचनालयात जायला वेळ मिळाला. कुठल्या घरात काय झालं हे त्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून म्हणतो, विचारा.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊन थांबू.

पहिला प्रश्न : यंत्र चालू न करता नुसतं स्वच्छ करून ठेवलं तर चालेल का? चालेल. खरं तर घाईने चालू करण्यापेक्षा तेच बरं. गंज थांबवा, रुळांवरचा दाब सोडा, उन्हापासून आणि तेलापासून रबर दूर ठेवा, आणि जे बदललं ते लिहून ठेवा. चालू करणं पुढच्या पिढीला जमेल. आपण खरवडून टाकलेला मूळ रंग मात्र तिला परत आणता येणार नाही.

दुसरा प्रश्न : संग्रह सुरू करायचा तर रिंगर कुठून मिळवावा? आमचं सांगणं असं की रिंगरपासून सुरुवातच करू नका. तुमच्या गावात बंद पडलेली धानाची गिरणी असेल. तिच्या मालकाला भेटा, आणि तिथे तीस वर्षं काम केलेल्या माणसालाही भेटा. झिजलेल्या रुळांची एक जोडी मागून घ्या. त्या माणसाला ती हातात धरून बोलायला सांगा आणि तुम्ही मोबाइलवर टिपून घ्या. तुमच्या संग्रहातली पहिली वस्तू तीच.

पुढच्या वेळी आपण मापांबद्दल बोलू, पायली आणि कुडव यांच्याबद्दल.